वय पस्तीस म्हणजे पस्तीसच

‘वय पस्तीस असलं तरी बुद्धीने तो पाच वर्षांचाच आहे हो.’ बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची ओळख करून देताना घरचे, नातेवाईक, कधी कधी डॉक्टरसुद्धा हे वाक्य सहज बोलून जातात. त्यात माया असते आणि ऐकणाऱ्याला चटकन अंदाजही येतो. पण अशा प्रौढांना काम देणाऱ्या पुण्यातल्या एका कार्यशाळेत प्रौढ ‘मुलांबरोबर’ (तिथे पन्नाशीच्या माणसालाही मुलगाच म्हणतात) बरीच वर्षं काम करून माझं पक्कं मत झालंय, की या वाक्याने जेवढ्या वाटा बंद होतात तेवढ्या कमी बुद्ध्यांकानेही होत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला दाढी फुटत नाही, मुलीला पाळी येत नाही. त्यांना कामाचे पैसे नको असतात, त्यांचे गुडघे दुखत नाहीत आणि त्यांचे आईवडील ऐंशीचे नसतात. पस्तिशीच्या माणसाच्या वाट्याला हे सगळं आलेलं असतं किंवा येणार असतं. त्याला पाच वर्षांचा ठरवलं की यातल्या कशाचीच तयारी होत नाही.

हे ‘मानसिक वय’ आलं चाचण्यांतून. मुलाने किती कोडी सोडवली यावरून त्याचं मानसिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागायचं आणि शंभराने गुणायचं, असा पूर्वी बुद्ध्यांकाचा हिशेब होता. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरतात. त्यातला आकडा एवढंच सांगतो, की अमुक प्रश्न सरासरी पाच वर्षांचं मूल सोडवतं तितपत याने सोडवले. तीस वर्षं घरात वावरून माणूस काय काय शिकला, कुणाचा राग कसा ओळखतो, पाहुण्यांपुढे कसा वागतो, हे त्या आकड्यात नसतं.

म्हणून निदान करताना नुसता बुद्ध्यांक धरत नाहीत. तो साधारण ७० च्या खाली असावा लागतो. शिवाय रोजच्या व्यवहारात, म्हणजे स्वतःची कामं, बोलणं, पैसे, लोकांत मिसळणं यात स्पष्ट अडचण असावी लागते आणि हे सगळं वाढीच्या वयातच दिसलेलं असावं लागतं. व्यवहाराची बाजू तपासायला व्हाइनलँड ही मोजपट्टी वापरतात. तिच्यात आई-वडिलांना प्रश्न विचारतात: एकटा आंघोळ करतो का, जिना कसा उतरतो, दुकानातून वस्तू आणतो का. सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र असे चार गट पडतात आणि सरकारी प्रमाणपत्रावर ते अनुक्रमे ५०, ७५, ९० आणि १०० टक्के असे येतात. बहुसंख्य माणसं सौम्य गटातली असतात. त्यांच्याकडे बघून रस्त्यात कुणाला काही कळणारही नाही.

हा मानसिक आजार नव्हे. आजार कोणत्याही वयात येतो, औषधाने आटोक्यात राहतो. ही बुद्धीच्या वाढीतली मर्यादा आहे आणि ती घालवणारं औषध नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला वेगळा मानसिक आजारही होऊ शकतो. तो ओळखून त्यावर उपचार व्हायला हवेत, पण ती गोष्ट निराळी. कारणं अनेक आहेत. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. कुठे बाळंतपणात प्राणवायू कमी पडलेला असतो, कुठे मेंदूज्वर झालेला असतो, आणि पुष्कळ घरांत सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. कुणाच्या तरी माथी दोष मारल्याशिवाय चैन न पडणाऱ्या नातेवाइकांना हे शेवटचं कारण पटत नाही. मग सुनेच्या गरोदरपणातल्या ग्रहणापर्यंत चौकशी जाते.

पहिली सहा वर्षं

इथे वेळेला फार किंमत आहे. काही कारणं तर वेळेत पकडली तर अक्षमता येतच नाही. जन्मजात थायरॉईडची कमतरता हे त्याचं ठळक उदाहरण. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन ती ओळखता येते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल बहुधा इतरांसारखं वाढतं. ही तपासणी सगळ्या दवाखान्यांत आपसूक होत नाही. घरातल्या मोठ्यांनी बाळंतपणाआधीच डॉक्टरांना तसं सांगून ठेवावं.

बाकीच्या मुलांत वाढीचे टप्पे मागे पडताना दिसतात. चौथा महिना संपला तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्ष उलटलं तरी चालत नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, असं असेल तर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणून थांबू नका. आधी कान तपासा, कारण न बोलण्याचं मूळ पुष्कळदा ऐकू न येण्यात असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. पाच वर्षांपर्यंत कागदावर ‘विकासातील विलंब’ असंच लिहितात. बौद्धिक अक्षमता हे निदान त्यानंतर.

थेरपीचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा पाऊण तासाच्या सत्राने फारसं काही होत नाही. थेरपिस्टने त्या पाऊण तासात आईला, आजीला काय शिकवलं आणि घरी रोज काय झालं, हे महत्त्वाचं. वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. बुद्धी वाढवणारी टॉनिकं आणि ‘पेशींचं इंजेक्शन’ विकणारे भेटतील. त्यांना दारातूनच नमस्कार करा.

शाळा

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यानुसार ठरावीक प्रमाणाच्या, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं वयात जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. सौम्य गटातलं मूल नेहमीच्या शाळेत जाऊ शकतं, आणि पहिली काही वर्षं जावंच, असं मला वाटतं. पुढे अभ्यास झेपेना आणि वर्गात मूल नुसतंच बसून राहायला लागलं, की मुक्त विद्यालयाचा किंवा विशेष शाळेचा विचार करायचा. पुण्यात विशेष शाळांची परंपरा जुनी आहे. कामायनी १९६४ पासून काम करते आहे, आणि त्यानंतर शहराच्या दोन्ही टोकांना बऱ्याच शाळा उभ्या राहिल्या.

शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे तक्ते बघू नका, जेवणाची सुट्टी बघा. मुलं डबा स्वतः उघडतात का, सांडलं तर कोण पुसतं, ताईंनी घास भरवला की मुलाने स्वतः खाल्लं. दहा वर्षं शाळेत जाऊन शंभरपर्यंत आकडे म्हणता येतात, पण पँटची चेन लावता येत नाही, अशी मुलं कार्यशाळेत येतात तेव्हा वाईट वाटतं.

शिकवायची रीत एकदा समजली की घरीही वापरता येते. शर्टाची बटणं घ्या. आपण वरून सुरुवात करतो, मूल दुसऱ्याच बटणाला अडतं, मग ‘दे इकडे, उशीर होतोय.’ विशेष शिक्षक उलट्या टोकाने जातात. सगळी बटणं आपण लावायची, शेवटच्या बटणाचा अर्धा भाग काजातून बाहेर काढून ठेवायचा आणि तेवढंच मुलाला ओढायला लावायचं. काम मुलाच्या हाताने संपतं, शाबासकी त्याला मिळते. ते बसलं की शेवटचं बटण पूर्ण त्याचं. मग शेवटची दोन. पहिल्या बटणापर्यंत पोचायला कधी वर्ष लागतं. आणि शिकवायला घेतलेला शर्ट मोठ्या बटणांचा, सैल काजांचा आणि एक माप मोठा असावा. घरचा अनुभव असा, की हे सगळं आईला पटतं, पण सकाळी सव्वासातला रिक्षा येते. म्हणून बटणांचा तास संध्याकाळी ठेवायचा आणि सकाळी खुशाल आपण लावायची.

वयात येताना

या टप्प्यावर बोलायचं सगळेच टाळतात. शरीराची वाढ बुद्ध्यांक विचारून होत नाही. पाळी, स्वप्नदोष, आकर्षण हे सगळं त्या त्या वयातच येतं. आठ-नऊ वर्षांच्या आतच तयारी सुरू करावी लागते, कारण एखादी गोष्ट मुरायला इथे वेळ लागतो.

पाळीचं शिक्षण तोंडी देऊन उपयोग नाही. आईने किंवा मोठ्या बहिणीने स्वतःचं पॅड दाखवावं, पॅडवर लाल रंग टाकून ‘एवढं झालं की बदलायचं’ हे हाताने करून घ्यावं, चड्डीवर पॅड कुठे बसतं तिथे रंगीत दोऱ्याने टाके घालून खूण करावी, वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कुठल्या डब्यात टाकायचं ते ठरवावं. कालनिर्णयवर दर महिन्याला लाल ठिपका तिनेच काढायचा. तीव्र गटातल्याही अनेक मुली यातलं बरंचसं शिकतात.

‘त्यापेक्षा पिशवीच काढून टाकू’ हा सल्ला अजूनही कानावर येतो. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढण्यात आली होती. कारण दिलं गेलं स्वच्छतेचं. महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि देशभर वाद झाला. आजचा कायदा स्पष्ट आहे: अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. आणि एक साधी गोष्ट लोक विसरतात. पिशवी काढल्याने पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही. उलट दिवस जाण्याची भीती नाही म्हटल्यावर गैरफायदा घेणाऱ्याला रान मोकळं होतं.

संरक्षण शिकवण्यातून येतं. शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं मुलाला माहीत हवीत, नाहीतर काय झालं ते सांगणार कसं? कोणती कामं बंद दाराआड करायची आणि कोणती चारचौघांत, हे एकदा ठरवून घरातल्या सगळ्यांनी पाळायचं. मुलगा हॉलमध्ये पँटमध्ये हात घालत असेल तर फटका मारू नका. ‘हे तुझ्या खोलीत, दार लावून’ एवढंच शांतपणे सांगून खोलीत पाठवा, दर वेळी, त्याच शब्दांत. मिठी कुणाला, हात कुणाशी मिळवायचा आणि कुणाला नुसता नमस्कार, याची चित्रं भिंतीवर लावता येतात. इथेच ‘बुद्धीने पाच वर्षांचा’ उलटतो. पंधरा वर्षांच्या मुलाला सगळ्या काकूंना मिठ्या मारू देतो, गोड वाटतं म्हणून. पंचविशीत तो बसस्टॉपवर अनोळखी बाईला मिठी मारतो आणि लोक त्याला बदडतात. आणखी एक: ‘मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं’ एवढंच आयुष्यभर शिकवलेल्या मुलीला ‘नाही’ म्हणता येत नाही. कपडे कोणते घालायचे, भाजी वाढायची की नको, अशा बारीक गोष्टींत तिचं ‘नाही’ घरात चालू द्या. त्याचीच सवय बाहेर उपयोगी पडते.

अठरा पूर्ण

अठराव्या वाढदिवसाला कायद्याच्या नजरेत आईवडिलांचं पालकत्व संपतं. हे बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर कळतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. आईवडिलांनाही अर्ज करावा लागतो. कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत आणि समितीने दिलेल्या पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर बँकेत खातं उघडता येतं.

पण प्रत्येकासाठी पालक नेमायलाच हवा, असं मात्र नाही. २०१६ चा कायदा सांगतो, की आधार देऊन माणसाला स्वतः ठरवू द्या, आणि पालक लागलाच तर ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता. सौम्य गटातली मुलगी समजावून सांगितलं तर स्वतःचं खातं चालवते. तिथे ‘असू दे हाताशी’ म्हणून पालकत्वाचा कागद काढणं मला पटत नाही. तो कागद तिच्या सहीची किंमत काढून घेतो.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात. दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी. लहानपणीचं प्रमाणपत्र कायमचं नसतं. पाच, दहा आणि अठराव्या वर्षी नवं घ्यावं लागतं, अठरानंतरचं आयुष्यभर चालतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, तोही आधी तपासणी न करता, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. दर वर्षी नूतनीकरण मात्र विसरू नका. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च रोडवर आहे. शाळेची, संस्थेची तक्रार असेल तर पुणेकरांना मुंबई गाठावी लागत नाही.

काम

अठरा वर्षांनी शाळा संपते आणि पुष्कळ मुलं घरी बसतात. वर्षभरात वजन वाढतं, चिडचिड वाढते, शिकलेलं विसरतं. म्हणून सोळाव्या वर्षापासूनच पुढचं बघायला हवं.

कार्यशाळेत काय चालतं ते दिवाळीच्या आधी दोन महिने येऊन बघा. पणत्या रंगवणं, उटण्याच्या पुड्या, आकाशकंदील, भेटीचे खोके. आमच्याकडे एकाला पाचच्या पुढे मोजता येत नाही, तरी त्याच्या खोक्यात पणत्या बरोबर दहाच असतात. त्याच्यापुढे लाकडी फळी असते, फळीत पणतीच्या बुडाच्या मापाचे दहा खळगे. खळगे भरले की फळी शेजारच्या ताईकडे सरकवायची. ती खोक्यात भरते आणि रिकामी फळी परत देते. मोजायचं काम फळी करते. उटणं भरणाऱ्यांच्या तराजूत एका पारड्यात वजनाऐवजी आधी तोललेली, शिवून बंद केलेली पुडी ठेवलेली असते. दोन्ही पारडी समोर चिकटवलेल्या लाल पट्टीला आली की झालं. माणसाला कामासारखं करायला बसलं तर वर्षं जातात, काम माणसाच्या बेताचं करायला सुताराचा एक दिवस पुरतो. रंग मात्र दर वर्षी वाटेल तेवढा सांडतो. त्यावर अजून तोडगा मिळालेला नाही.

खरं दुखणं पैशाचं आहे. कार्यशाळेतलं मानधन तुटपुंजं असतं, आणि पालक महिन्याला भरतात ती फी बऱ्याचदा त्याहून जास्त असते. ज्यांना जमेल त्यांनी बाहेरच्या कामाचा प्रयत्न करावा: उपाहारगृह, पॅकिंगचं युनिट, कार्यालयातली झेरॉक्स, रोपवाटिका. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठीच्या चार टक्क्यांपैकी एक टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे गटांसाठी आहे, पण त्या वाटेने फार थोडे जातात. बाहेरच्या नोकरीत पहिले काही आठवडे शिकवणारा माणूस सोबत असावा लागतो. तो कामापेक्षा जास्त शिकवतो ते डबा कुठे खायचा, साहेबांशी कसं बोलायचं आणि चेष्टा करणाऱ्याला काय म्हणायचं.

नोकरी हातची जाते ती बहुधा प्रवासापायी. आई सोडायला येऊ शकत नाही, म्हणून. कोथरूड डेपो ते स्वारगेट एवढाच प्रवास शिकवायचा असेल तर आधी बसच्या नंबराचं कार्ड गळ्यातल्या पाकिटात, मग सोबत बसून जायचं, मग त्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसायचं, मग त्याला चढवून आपण दुचाकीवरून पुढच्या स्टॉपवर थांबायचं. रोजच्या कंडक्टरशी ओळख करून द्यायची. पीएमपीचा दिव्यांग पास असेल तर सुट्ट्या पैशांची कटकट नाही. आणि बस बंद पडली तर काय, हे मुद्दाम एकदा घडवून आणून शिकवायचं. एकटा कामावर जाऊन आलेल्या मुलाचा बाप पहिल्या दिवशी बसच्या मागून स्कूटर हाणत येतो, हे ठरलेलं.

चाळिशी आणि पुढे

चाळीसेक वर्षांपूर्वी डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य अमेरिकेतसुद्धा पंचविशीच्या आसपास होतं. आता ते साठीपर्यंत गेलंय, हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि औषधांमुळे. त्यामुळे म्हातारपण हा टप्पा आपल्या समाजाला नवा आहे.

डाउन सिंड्रोममध्ये थायरॉईड आयुष्यभर अधूनमधून तपासायला हवा, आणि चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाची शक्यता बरीच वाढते. त्याचं एक कारण असं, की अल्झायमरशी संबंधित प्रथिन तयार करणारं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच असतं आणि इथे त्या गुणसूत्राच्या तीन प्रती आहेत. रोज स्वतः चहा करणारी बाई साखर-पत्तीचा क्रम चुकवायला लागली, तर तो हट्ट नव्हे. म्हणूनच तिशीत असतानाच तिला काय काय येतं ते लिहून किंवा मोबाइलवर चित्रित करून ठेवावं. नंतर डॉक्टरांना तुलना करता येते.

दुसरी अडचण डॉक्टरांच्या खोलीतली. माणूस अचानक डोकं आपटायला लागला, जेवेना, रात्रभर ओरडायला लागला की ‘यांच्यात असं असतंच’ म्हणून शांत करणारी गोळी लिहून दिली जाते. आधी दात बघा. कानातला मळ, बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळीतली पोटदुखी, गोळ्यांचे दुष्परिणाम, सगळं बघा. ज्याला ‘इथे दुखतंय’ सांगता येत नाही, तो वागण्यातून सांगतो.

घरात एक वही असावी. पहिल्या पानांवर औषधं, रक्तगट, ॲलर्जी, जुन्या शस्त्रक्रिया. पुढे खरी माहिती: पोळीचे तुकडे करून दिले तर रागावतो. ‘गॅ’ म्हणजे शौचाला जायचंय. ढोल-ताशा वाजायला लागला की कान झाकतो, गणपतीत खिडक्या लावून घ्याव्या. न्हाव्याला आधी घरी बोलवावं. लक्ष्मी रोडवरचं अमुक दुकान दिसलं की थांबतो, ओढू नये, दोन मिनिटांत निघतो. आई आजारी पडून अचानक रुग्णालयात गेली, तर मावशीला पहिल्या रात्री याच गोष्टी लागतात.

‘आमच्यामागे याचं कोण?’ हा प्रश्न सगळ्या पालकांना पडतो, पण त्यावर बोलणं बहुतेक घरांत फारच उशिरा सुरू होतं. बहीण-भावाला गृहीत धरलेलं असतं आणि विचारलेलं नसतं. बहिणीचं लग्न ठरताना दोन्हीकडे मोकळेपणाने बोलून घ्यावं. भावाला ‘नाही जमणार’ म्हणायची मुभाही द्यावी. मनाविरुद्ध सांभाळलेल्या माणसाचे हाल होतात. पुण्याजवळ काही चांगल्या जागा आहेत. मुळशी तालुक्यातल्या कोळवणला साधना व्हिलेज १९९४ पासून आहे. तिथे प्रौढ माणसं घरासारख्या गटांत राहतात. मारुंजीला नवक्षितिज आहे. पण अशा ठिकाणी जागा मोजक्या असतात, आणि आई गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात माणसाला तिथे नेऊन सोडलं तर त्याचं घर आणि आई एकदमच जातात. आईवडील हयात असताना आधी दोन दिवस, मग आठवडा, मग महिना अशी सवय करावी. काही पालक स्वतःच शेजारी राहायला जातात. मला ही कल्पना आवडते, पण ती परवडणारे थोडे.

आईबाप गेल्यावर ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगू नका. तो रोज संध्याकाळी दाराशी वाट बघत बसतो, वर्षानुवर्षं. साध्या शब्दांत सांगा, की बाबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत. दर्शन घेऊ द्या. दहाव्याला, तेराव्याला त्याला शेजाऱ्यांकडे पाठवू नका. पाच वर्षांचा म्हणून लांब ठेवलेला माणूस पस्तीस वर्षांचं नातं गमावून बसलेला असतो.

पैशाबद्दल. घर थेट त्याच्या नावावर केलं आणि त्याला व्यवहार जमत नसतील, तर उद्या साधी दुरुस्तीही अडते. भावाच्या नावावर करून ‘तू बघ’ असं तोंडी सांगितलं, तर कायद्यापुढे त्या शब्दाला वजन नाही. त्यापेक्षा मृत्युपत्र करून मालमत्ता त्याच्या हितासाठीच्या खासगी न्यासात (ट्रस्टमध्ये) द्यावी, आणि विश्वस्त एकाहून जास्त असावेत, त्यातला एक तरी नात्याबाहेरचा. आईवडील सरकारी नोकरीत असतील, तर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं; त्याचं नाव हयातीतच निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून घ्या. मागून एकट्या माणसाला ते कागद जमवणं कठीण जातं. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतही पूर्ण अपंगत्व असलेल्या अपत्यासाठी तरतूद आहे. हातावर पोट असलेल्या घरांसाठी संजय गांधी निराधार योजना. तहसील कार्यालयात अर्ज होतो.

पालक म्हणून ज्याला नेमलं त्याच्यावरही कायद्याने नजर ठेवली आहे. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत त्याला मालमत्तेची यादी जिल्ह्याच्या त्याच स्थानिक समितीपुढे ठेवावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. तो हेळसांड करतोय किंवा पैसे खातोय असं वाटलं, तर आईवडील, कुणीही नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढून टाकण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकते. हे कलम चुलत्या-मावश्यांना माहीत असायला हवं. म्हणून पालकत्वाच्या आदेशाची एक प्रत त्या वहीच्या मागच्या कव्हरमध्ये घाला आणि दुसरी अशा एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा, ज्याचा घराच्या वाटणीशी काही संबंध नाही.